मुलांचा डबा आणि घराचे घड्याळ

साताऱ्यात असो वा सांगली-मिरजेत, मधल्या सुट्टीत डबे उघडले की घराघरांतली सकाळ समोर येते. कुणाच्या डब्यात चपाती-भाजी, कुणाच्या डब्यात बिस्किटे, तर कुणाच्या हातात पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट. "मुलांना घरचे आवडतच नाही," असे पालक सांगतात. दोष मात्र मुलांच्या जिभेचा कमी आणि घराच्या घड्याळाचा जास्त आहे.

वडील कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातात, आई तासगावकडे द्राक्षबागेत रोजाने. भाकरी थापून होते, पण मुलाजवळ बसायला कुणी नसते. मग हातावर दहा रुपये टेकवले जातात. या आईला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन्ही वेळा टीव्हीसमोर जेवणाऱ्या सुखवस्तू घरांना मात्र ही सबब चालणार नाही.

कायदा आपल्या परीने करतो. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा केंद्रीय नियम आहे. पण तो घरून आलेल्या डब्याला लागू होत नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील सुमारे १० टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली होती.

रमजानमध्ये मुस्लिम घरांचे घड्याळ बदलते. सहेरीला पहाटे चूल पेटते, इफ्तारला सारे घर एका दस्तरखानावर बसते. रोजा नसलेली लहान मुलेही तिथेच बसतात आणि एरवी नाक मुरडणारे पोर खजूर, कलिंगड, डाळ मुकाट्याने खाते. (भजी-समोसे आणि रंगीत सरबतांचा मारा तेवढा आवरायला हवा.) ईदनंतर मात्र पुन्हा जो तो आपल्या ताटाशी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला, तो मुलांच्या झोपेसाठी. पण त्या वेळेत घराची एकत्र न्याहारीही होऊ शकते.

अर्थात, ज्यांना घड्याळच आपले नाही, अशी घरेही याच दोन जिल्ह्यांत आहेत. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेली, माण-खटाव, जतच्या कोरडवाहू पट्ट्यातली. त्यांच्या मुलांसाठी चारचौघांत बसून जेवण्याची हक्काची जागा म्हणजे शाळेची पंगत. तिथे पाचवीपर्यंत ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने त्यात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे दिले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा स्वतंत्र निधी बंद झाला. अंडे द्यायचे असेल तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगण्यात आले. कोरडवाहू गावात ही वर्गणी मागायची, ती त्याच मुलांच्या आई-बापांकडे.