ओला कचरा कुणाच्या हाताला?

कचरा वेगळा करण्याची हाक आली की ती घरातल्या बाईलाच ऐकू येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ही जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली. घराने ती तिच्यावर. तिथे राहून गेलेले काम दारावर येणाऱ्या दुसऱ्या बाईला करावे लागते. ती बहुधा दलित असते. भाजीच्या देठांत मिसळलेली काच, सुई तिच्याच हाताला लागते.

पुण्यात १९९३ साली कचरावेचक ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’त संघटित झाल्या. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक स्त्रिया खत आणि बायोगॅसचे तंत्र शिकल्या. म्हणजे कौशल्य आहे, संघटनाही आहे. तरी खतप्रकल्प निघाला की बरेचदा पुढे असतो ठेकेदार, आणि ज्यांनी आयुष्यभर कचरा निवडला त्या बाजूला.

म्हणून आपल्या गटांनी वस्तीत, सोसायटीत, प्रभागात दोन मागण्या लावून धराव्यात. खताचे काम आणि त्याचा रास्त मोबदला कचरावेचकांना मिळावा. आणि घरातला ओला डबा पुरुषांनीही हाताळावा.