टक्क्यांवर भिस्त नको

नव्या कर्नलची बिल्ड आली की दुसऱ्याच दिवशी निकाल येऊ लागतात: ‘एसओटी (स्क्रीन-ऑन टाइम) आठ तास, एकदम स्मूथ, ड्रेन नाहीच.’ सोबत एक स्क्रीनशॉट. ब्राइटनेस किती, वायफाय की मोबाइल डेटा, सिम घातले होते का, याचा पत्ता नाही. अशा निकालावरून डेव्हलपरला कोडची एक ओळही बदलता येत नाही.

पोको एफ 1 घ्या. 2018 चा फोन, 4000 एमएएचची बॅटरी. म्हणजे 1 टक्का 40 एमएएचचा. रात्रीच्या 8 तासांत आकडा 80 वरून 77 वर आला, तर खरा खर्च 80 ते 160 एमएएच यांच्या दरम्यान कितीही असू शकतो, कारण टक्का नेमका कोणत्या क्षणी उतरला हे कळत नाही. एक कर्नल झोपेत सरासरी 11 मिलिॲम्पिअर ओढतो, दुसरा 19, आणि पडद्यावर दोघांचेही ‘3 टक्के’! त्यापेक्षा फ्युएल गेजचा (बॅटरीचा चार्ज मोजणाऱ्या चिपचा) चार्ज काउंटर वाचावा; तो मायक्रोॲम्पिअर-तासांत असतो. मात्र तो थोडा थोडा उतरतो की बरोबर एकेका टक्क्याच्या पायरीने, हे आधी तपासा. पायरीने उतरत असेल, तर ड्रायव्हर टक्क्यांवरूनच तो आकडा काढतो आहे. मग चाचणी लांबवण्यावाचून गत्यंतर नाही.

फ्लॅश केल्या केल्या घेतलेले माप तर विसराच. तेव्हा ॲप्स कम्पाइल होत असतात, फोटो सिंक होत असतात. बॅटरी स्टॅट्स पुसल्याने बॅकअप वाढतो, हा समज अँड्रॉइडच्या अभियंता डायान हॅकबॉर्न यांनी 2012 मध्येच खोडून काढला होता. या स्टॅट्सची फाइल म्हणजे नुसती खर्चाची वही. तरी फ्लॅशिंगच्या सूचनांत ती पुसण्याची पायरी अजून सापडतेच. पुणे-मुंबई प्रवासातला आकडा घरच्या वायफायवरच्या आकड्याशेजारी मांडण्यातही अर्थ नाही. घाटात रेंज गेली की मॉडेम टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो. त्यात कर्नलचा काय दोष?

स्थिरतेच्या बाबतीत आपली सवय याहून वाईट आहे. तासभर बेंचमार्क चालवला, फोन बंद पडला नाही, की बिल्ड ‘स्टेबल’. व्होल्टेज उतरवलेला कर्नल पूर्ण भाराखाली नीट चालून नंतर खिशात पडल्या पडल्या रीबूट होऊ शकतो, कारण खालच्या फ्रिक्वेन्सीला आणि झोपण्या-उठण्याच्या क्षणी व्होल्टेजला फारशी सवलतच उरलेली नसते. म्हणून फोन झोपू द्या, उठवा, कॉल घ्या, चार्जर लावा-काढा, ब्लूटूथ जोडा-तोडा.

रीबूट झालाच तर आधी अपटाइम पाहा. तो मागून पुढे चालू असेल, तर कर्नल शाबूत आहे. वरची अँड्रॉइड फ्रेमवर्क कोसळली आहे आणि तक्रार रॉमवाल्याकडे जायला हवी. अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल, तर पीस्टोअरमधला रॅमऊप्सचा लॉग (कर्नल कोसळतानाची नोंद) ताबडतोब काढून ठेवा. तो रॅममध्ये असतो. फोन पूर्ण बंद केला की जातो. ‘रँडम रीबूट येतोय’ या दोन-तीन शब्दांपेक्षा त्या लॉगच्या शेवटच्या ओळी डेव्हलपरच्या कितीतरी जास्त कामाच्या असतात.

आमच्याकडे निकाल पाठवताना बिल्ड क्रमांक, जुन्या कर्नलचे त्याच फोनवरचे माप, नेटवर्कची स्थिती, चाचणीचा कालावधी आणि लॉग एवढे जोडावे. याशिवाय आलेले निकाल पुढच्या अंकापासून छापले जाणार नाहीत.