सॉरी कुणी कुणाला म्हणायचं?



'होओपोनोपोनो' हा शब्द तुम्ही एव्हाना ऐकला असेल. डोळे मिटायचे आणि चार वाक्यं मनात म्हणत राहायचं: मला वाईट वाटतंय, मला माफ कर, तुझे आभार, माझं तुझ्यावर प्रेम आहे. मनावरचं ओझं उतरतं म्हणे! हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून वैतागून घरी आलेल्या आईबाबांनी पाच मिनिटं हे केलं, तर माझी काहीच हरकत नाही. पण मुलांकडून रोज म्हणवून घ्यायचं असेल, तर जरा थांबूया.

हवाई बेटांवरची मूळ पद्धत म्हणजे एकट्याने करायचा जप नव्हे. 'पोनो' म्हणजे योग्य, नीट. बिघडलेलं नातं नीट करायला सगळं कुटुंब एकत्र बसायचं. मेरी कावेना पुकुई या हवाईयन विदुषीने 1972 च्या 'नाना इ के कुमू' या ग्रंथात हे सविस्तर सांगितलंय. सुरुवातीला प्रार्थना. मग काय घडलं ते प्रत्येकाने सांगायचं, तेही एकमेकांवर न ओरडता, मधल्या वडीलधाऱ्या माणसाकडे बघून. आवाज चढले की सगळ्यांनी काही वेळ गप्प बसायचं. चूक कबूल करायची, माफी मागायची, नुकसान झालं असेल तर भरून द्यायचं. समोरच्याने माफ करून दोघांनीही तो विषय सोडून द्यायचा. शेवटी एकत्र खायचं. एकट्याने करायचं रूप नंतरचं. 1976 मध्ये मोर्ना सिमिओना यांनी ते सुरू केलं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या जवळच्या देहूहून निघणाऱ्या वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय, जात, हुद्दा बघत नाहीत. सप्ताहाची सांगता काल्याने होते. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना समोर माणूस लागतोच ना?

माझा मुद्दा इथेच आहे. घरात आईबाबांची भांडणं होतात तेव्हा लहान मुलाला आधीच वाटत असतं, 'माझ्यामुळेच झालं.' त्याला 'मला माफ कर' असं घोकायला लावलं, तर ओझं उतरेल की वाढेल? आणि एखाद्या मोठ्या माणसाने मुलाला त्रास दिला असेल, तर तिथे मुलाने माफ करायचं नसतं. आपण त्याचं ऐकायचं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि गरज पडली तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करायचा.

वर्गातल्या रोजच्या भांडणांसाठी मात्र मूळ पद्धत छान आहे. "चल, सॉरी म्हण आधी!" ही घाई नको. दोघांना बसवा. एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने ऐकायचं. पेन्सिल मोडली असेल तर नवी द्यायची. मिटलं की मिटलं. पुढच्या पालकसभेत ते पुन्हा उकरून काढायचं नाही, हा नियम बाईंना आणि सरांनाही लागू! मग डबा एकत्र खाऊ द्या.

घरीही करून बघा. फक्त पहिली माफी मोठ्यांनी मागायची. विनाकारण ओरडलो असू, तर मुलासमोर बसून तसं सांगायचं. माफी कशी मागतात हे मूल त्यातूनच शिकतं.

तुमच्या वर्गात भांडणं कशी मिटवता? जरूर कळवा.