पुणे-नाशिक १३ मिनिटं? काहीतरीच!

दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी कॅल्क्युलेटरं जालावर पैशाला पासरी मिळतात. ती फार डोक्यात जातात.

त्यांचं गणित अगदी सोपं आहे. लोहगाव आणि ओझर जवळजवळ एकाच रेखांशावर. अक्षांशात फरक दीड अंशाचा, एक अंश म्हणजे १११ कि.मी. झाले १७० कि.मी. ताशी ८०० ने भागा: १३ मिनिटं! कुठलाही फ्रेशर पाच ओळींत लिहील. पण इतक्या कमी अंतरात विमान तो वेग गाठेपर्यंत उतरायची वेळ होते, आणि अशा मार्गांवर उडणाऱ्या एटीआरचा वेग मुळात ताशी ५०० च्या आसपास.

बरं, माणूस काय एका विमानतळावर जन्मतो आणि दुसऱ्यावर मरतो? हिंजवडीहून लोहगाव एक तास (ट्रॅफिकने दया केली तर), चेक-इन आणि सिक्युरिटीचा दीड तास, विमानात पाऊण तास, बाहेर पडायला २० मिनिटं, ओझरहून नाशिकात अर्धा तास. झाले की चार तास! गाडीने पाच-सहा लागतात. वाचला तास-दीड तास, तोही विमान आपल्या सोयीच्या वेळी असेल तर. दिवसाला एकच विमान, तेही संध्याकाळचं असेल, तर सकाळच्या कामासाठी आदल्या दिवशी निघा. आता बोला!

हा नुसता शब्दांचा कीस नाही, पैशांचा प्रश्न आहे. २०१६ साली 'उडान' योजना आली. तासाभराच्या, साधारण ५०० कि.मी.च्या प्रवासाला २५०० रुपये, आणि विमान कंपनीला पडणारी तूट सरकार भरून देणार. त्यासाठीची लेव्ही बाकीच्या देशांतर्गत विमानांवर, म्हणजे शेवटी तुमच्याआमच्याच तिकिटात. कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो की तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. तीन वर्षांची सवलत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४.

'मग छोट्या शहरांनी उडायचंच नाही का?' असं कोणीतरी विचारणारच. जरूर उडावं! कोल्हापूर-नागपूर हवाई अंतर ७०० कि.मी. आहे. रेल्वेने अख्खी रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस जातो. तिथे विमानतळावरचे तीन तास कोणाला जाचणार? ओव्हरहेड दोन्हीकडे सारखाच, पण पुणे-नाशिकला तो प्रवासालाच गिळून टाकतो. तिथे हवी चांगली रेल्वे.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या मार्गाला पैसे देण्याआधी दोन आकडे जाहीर करा: घर ते घर किती तास, आणि आठवड्याला किती फेऱ्या. आणि मंडळी, तुमच्या गावच्या विमानतळाची फीत कापायला कोणी आलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: परतीचं विमान कधी आहे?