चेहऱ्यावरची सुई आणि दोन दिवसांचे प्रमाणपत्र

लग्नसराई जवळ आली की पाथरीतल्या ब्युटीपार्लरांचे दिवस पालटतात. घराची पुढची खोली, एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि दाराला पडदा, एवढ्या भांडवलावर ही पार्लर चालतात. नवरीचा मेकअप, मेंदी, फेशियल, भुवया यांतून या दोन-चार महिन्यांत जे हाती येते त्यावर पुढचे वर्ष काढायचे असते. कापसाला आणि सोयाबीनला भाव नसला की तेही आटते. त्यातच मोबाईलवर शहरातले व्हिडिओ पाहून येणारी गिऱ्हाइके 'तुमच्याकडे नवीन काय?' असे विचारू लागली आहेत. पार्लर चालवणाऱ्या ताईच्या फोनवर 'दोन दिवसांत कॉस्मेटिक ॲक्युपंक्चर शिका, प्रमाणपत्रासह' अशी जाहिरात आली, तर तिला मोह पडणे साहजिक आहे.

चेहऱ्यावरच्या ठरावीक जागी केसाहून थोड्या जाड सुया टोचायच्या, वीसेक मिनिटे तशाच ठेवायच्या आणि काढायच्या, अशी ही पद्धत. सुरकुत्या विरतात, ओघळलेली कातडी घट्ट होते, वांग फिका पडतो, असे दावे केले जातात. शस्त्रक्रिया नाही, बोटॉक्स नाही, रसायन नाही, म्हणून ती 'नैसर्गिक' म्हणून विकली जाते. असे वर्ग शहरांत भरतात, ऑनलाइनही चालतात आणि त्यांना पैसे भरणाऱ्या बहुतांशी पार्लर चालवणाऱ्या महिलाच असतात. पाथरीच्या किंवा मानवतच्या एखादीने यात पैसे घालावेत की नाही, हा तिचा खासगी व्यवहार वाटू शकेल. पण सुई कातडीच्या आत जाते आणि तिथून हा विषय सार्वजनिक आरोग्याचा होतो.

पार्लरचे आजवरचे काम कातडीच्या वर चालते. आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा वर्षभराचा अभ्यासक्रम असो, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे महिनाभराचे ब्युटीपार्लर प्रशिक्षण असो किंवा कौशल्य विकास योजनेतील 'ब्युटी थेरपिस्ट'चे प्रमाणपत्र असो, त्यात फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग, व्हॅक्सिंग, मॅनिक्युअर, मेकअप शिकवतात. रक्ताशी मुद्दाम संबंध येईल असे काम त्यात नाही. चुकले तर कातडी भाजते, पुरळ उठते, भुवई वाकडी होते. त्रास होतो, भांडण होते, पण तो त्रास एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. सुईचे तसे नाही. एका बाईच्या गालात गेलेली सुई दुसरीच्या गालात गेली, तर पहिलीचा आजारही तिच्याबरोबर जाऊ शकतो.

यात सर्वांत चिवट विषाणू कावीळ 'ब'चा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा. वाळलेल्या रक्तात, टेबलावर किंवा कात्रीवर तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची पोकळ सुई टोचली गेली, तर संसर्गाची शक्यता कावीळ 'ब'साठी ३० टक्क्यांपर्यंत, कावीळ 'क'साठी ३ टक्क्यांच्या आसपास आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव आणि बारीक असल्याने तिच्यावर रक्त कमी राहते, धोकाही त्या प्रमाणात कमी होतो. पण एकाच बैठकीत अशा दहा-पंधरा सुया टोचतात. शिवाय त्या काढताना टोचणारीच्या बोटातही जाऊ शकतात. राष्ट्रीय लसीकरणात कावीळ 'ब'ची लस देशभर आली ती २०११ च्या सुमारास. आज पार्लर चालवणाऱ्या बहुतेक जणींना ती लहानपणी मिळालेलीच नाही, आणि हे त्यांना सहसा कोणी सांगितलेलेही नाही.

दुसऱ्यांदा वापरलेली सुई काय करते, हे देशाने पाहिले आहे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात कावीळ 'ब'ची साथ आली आणि त्यात अनेकांचे बळी गेले, ते पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजमुळे. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ येथे अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. तिथेही संशय एकाच सुईने इंजेक्शने देणाऱ्या भोंदू डॉक्टरवर गेला. ही उदाहरणे दवाखान्याची, सौंदर्याशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर अमेरिकेतून आले. न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना स्पामध्ये रक्तातील प्लाझ्मा आणि बारीक सुयांचे 'व्हॅम्पायर फेशियल' करत. तिथे गेलेल्या तीन महिलांना त्यातूनच एचआयव्ही झाला असावा, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या ॲक्युपंक्चरच्या सुया नव्हत्या, हे खरे. पण आपल्याकडे डर्मा रोलर आणि भुवयांचे मायक्रोब्लेडिंग पार्लरपर्यंत पोचले आहे. ॲक्युपंक्चर हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

पार्लरमधल्या 'स्टरलायझर'वर विसंबून चालणार नाही. निळा दिवा असलेली ती पेटी अतिनील किरण सोडते, पण किरण जिथे पोचतात तिथलाच पृष्ठभाग काही प्रमाणात जंतुमुक्त होतो. खालची बाजू, खाचा, रक्ताचा पुटका लागलेली जागा तशीच राहते. स्पिरिटचा बोळा, डेटॉलचे पाणी, उकळते भांडे यांनीही सुई निर्जंतुक होत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालची वाफ किमान पंधरा मिनिटे द्यावी लागते. किंवा मग पाकीटबंद, एकदाच वापरायची सुई. ती स्वस्त मिळते, हे खरे. पण चार रुपये वाचवण्याची सवय पार्लरातच काय, कैक दवाखान्यांतही सुटलेली नाही.

विषाणूंची बाब तरी लोकांनी ऐकलेली असते. क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी काही जंतू पाण्यात आणि ओल्या टॉवेलवर राहतात, ते टोचलेल्या जागेतून आत शिरतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी गाठी व फोड उठवतात. नेहमीच्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. हाँगकाँगमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या संपादकीयात ॲक्युपंक्चरमधून पसरणाऱ्या अशा संसर्गांबद्दल इशारा दिला होता. गालावरचा असा फोड बरा झाला तरी व्रण मागे ठेवतो.

त्यात आपल्या कातडीचा स्वभाव वेगळा. सावळ्या, गव्हाळ रंगाच्या त्वचेला जिथे जखम किंवा दाह होतो तिथे काळा डाग उमटतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. मुरूम फोडल्यावर राहणारा डाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वांगासाठी आलेल्या बाईच्या गालावर सुया टोचायच्या, म्हणजे ज्या त्वचेची रंग धरण्याची खोडच आहे तिलाच डिवचायचे. डोळ्याखालच्या बिंदूंची गोष्ट आणखी नाजूक. तिथे सुई थोडी तिरकी किंवा खोल गेली तर डोळ्याच्या खोबणीत रक्त साकळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षाविषयक सूचनांत या बिंदूंसाठी वेगळी सावधगिरी सांगितली आहे. पन्नाशीची बाई मधुमेहाची आहे का, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते का, हे विचारायला पार्लरमध्ये शिकवलेले नसते. 'बीपीची गोळी चालू आहे' एवढेच माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःलाही ते सांगता येत नाही.

एवढा धोका पत्करून मिळते काय? ॲक्युपंक्चरला सरसकट थोतांड म्हणणे योग्य नाही. जुनाट पाठदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी यांत त्याचा मर्यादित उपयोग दाखवणारे मोठे अभ्यास आहेत, जरी खोट्या सुयांनीही बराचसा आराम पडतो हा वाद संपलेला नाही. सौंदर्यासाठीच्या ॲक्युपंक्चरची बाजू मात्र फार लंगडी आहे. वारंवार दाखला दिला जातो तो दक्षिण कोरियातील २०१३ च्या एका अभ्यासाचा. त्यात चाळीस ते एकोणसाठ वयाच्या पंचवीस-तीस महिलांना तीन आठवड्यांत पाच वेळा सुया टोचल्या आणि चेहऱ्याची लवचीकता मोजली. निम्म्याहून थोड्या अधिक जणींत सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी सुया न टोचलेला दुसरा गटच नव्हता, आणि संशोधकांनीही त्याला प्राथमिक चाचणीच म्हटले होते. टोचल्यावर त्वचा किंचित सुजते, लाली येते, आणि सूज असेपर्यंत सुरकुती भरल्यासारखी दिसते. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो नेमके तेव्हा काढलेले असले तर त्यांतून काहीही सिद्ध होत नाही.

महाराष्ट्राचे ॲक्युपंक्चरशी नाते जुने आहे, थोडे गैरसमजाचेही. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ही विद्या आणली असे अनेकांना वाटते. कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ॲक्युपंक्चर भारतात रुजवले ते त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी, १९५९ च्या सुमारास, पुन्हा चीनला जाऊन शिकून आल्यावर. म्हणजे आधी डॉक्टर असलेल्या माणसालाही ते वेगळे शिकावे लागले.

किती शिकावे याचेही माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत, वैद्यकीय पदवी नसलेल्याला ॲक्युपंक्चर करायचे तर २५०० तासांचे शिक्षण सुचवले होते. त्यातील किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामाचे. डॉक्टरला मर्यादित वापरापुरते शिकायचे असेल तरी २०० तास. दोन दिवसांच्या वर्गात जेवणाची सुट्टी धरून फार तर पंधरा तास भरतात.

कायदाही नाही असे नाही. ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. २०१५ च्या या कायद्याने उपचार करणाऱ्यांची नोंदणी आणि शिकवणाऱ्या संस्थांची मान्यता यांसाठी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आली. २०१९ मध्ये केंद्रानेही ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. अडचण अशी की परिषद नोंदणीकृत थेरपिस्टकडे पाहते आणि पार्लर तिच्या नजरेत येत नाही. पार्लर हे दुकान. मोजके कामगार असलेल्या दुकानाने २०१७ च्या कायद्यानुसार ऑनलाइन सूचना दिली की पुरे. आत काय चालते ते पाहायला कोणी येत नाही. केस रोपणाच्या बाबतीत असेच सलूनमध्ये प्रकार घडू लागल्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सप्टेंबर २०२२ मध्ये सांगावे लागले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे अशा प्रक्रियांसाठी पुरेसे प्रशिक्षण होत नाही. चेहऱ्यावरच्या सुईला हाच न्याय लागू व्हायला हवा. 'कॉस्मेटिक' असा शब्द लावला म्हणून सुई दुकानातला माल ठरत नाही, हे परिषदेने एका परिपत्रकात स्पष्ट सांगितले तर निम्मे वर्ग आपोआप बंद पडतील.

या सगळ्यात पार्लरवालीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि चुकीचेही. ती फसवणूक करायला निघालेली नसते, तिला प्रमाणपत्र विकलेले असते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना त्वचा उजळवणाऱ्या क्रीममधील पाऱ्याने इजा झाल्याची बातमी आली, तेव्हा क्रीम स्थानिक सौंदर्यतज्ज्ञ महिलेकडून घेतलेले होते. क्रीम बनवणारा कुठे होता? सुईचेही तसेच होईल. काही बिघडले तर वर्ग घेणारा मुंबईला किंवा दिल्लीला असेल, त्याचा मोबाईल लागणार नाही, आणि गिऱ्हाइकाचे नातेवाईक पाथरीतल्या त्या पडद्याआडच्या खोलीत येतील. गावात पार्लर नावावर चालते. नाव गेले की दुसऱ्या गल्लीत जाऊन नव्याने सुरुवात करण्याइतके पाथरी मोठे नाही.

तिला शिकायचे आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मग जे उपयोगी आहे ते शिकवावे. भुवया कोरताना तुटलेली कातडी, ब्लॅकहेड काढायची टोचणी, वापरलेले ब्लेड, नाक-कान टोचणे यांतून रक्ताशी संबंध आजही येतो आणि त्याची स्वच्छता कोणी नीट शिकवलेली नाही. कोणता डाग आपला नाही, डॉक्टरचा आहे, हे ओळखायला शिकवले तर वांगावर स्टेरॉइडचे मलम थापणे थांबेल. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला त्वचारोग विभाग, जिल्ह्याची स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आणि 'माविम' किंवा 'उमेद'चे बचत गट यांनी मिळून वर्षातून दोनदा असा एका दिवसाचा वर्ग घेणे फार खर्चाचे नाही. सोबत कावीळ 'ब'च्या लसीचा पहिला डोस तिथेच द्यावा. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी पाथरीच्या ग्रामीण रुग्णालयात.

आणि ज्या जागी सुया आधीच आल्या आहेत, त्यांचे काय? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात जायला हवी आणि तिथून प्रक्रिया केंद्रात. पार्लरची नोंद त्या साखळीत नसते. त्यामुळे सुया कापसाच्या बोळ्यांसोबत ओल्या-सुक्या कचऱ्यात पडतात, आणि सकाळी नगरपालिकेच्या घंटागाडीवरचा कामगार तो कचरा हातानेच वेगळा करतो. लस त्यालाही हवी.