साखरेच्या रोगाला सीमा नाही, औषधाला मात्र आहे!

1956 च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाची भाषा हिरावली, असे आम्ही सतत म्हणत आलो. आज आम्ही म्हणतो की, ही रेघ त्याच्या रक्तापर्यंत पोहोचली आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. शेजारच्या गोव्यात तर प्रौढांपैकी शेकडा 26 जणांना हा रोग आहे. एवढे प्रमाण अन्य कोणत्याही राज्यात आढळले नाही. दुसऱ्या बाजूस, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील शेकडा 57 स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. एकाच घरात सासऱ्याला साखर अधिक आणि सुनेला रक्त कमी, अशी ही दुहेरी आपत्ती आहे.

मोडलेले हाड वैद्य मुक्यानेही बसवील. मधुमेहाचे तसे नाही. ताटात भात किती व भाकरी किती, उपाशीपोटी गोळी घ्यावी की नाही, इन्शुलिननंतर घाम फुटून हात थरथरू लागले तर साखर तोंडात टाकावी, पायाची जखम रोज पाहावी, हे रोग्याला उमगले तरच औषध लागू पडते. येथे शब्द हाच अर्धा उपचार होय. तो शब्द रोग्याच्या भाषेत नसेल तर डोळा, मूत्रपिंड नि पाय यांची किंमत त्यालाच मोजावी लागते.

भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची अखिल भारतीय योजना सांगते की, जेथे शेकडा 15 लोक वेगळी भाषा बोलतात तेथे महत्त्वाची सरकारी सूचनापत्रके त्या भाषेतही निघावीत. माणसाच्या प्राणाहून महत्त्वाची सूचना कोणती? आपल्या दवाखान्यात आहाराचे पत्रक मराठीत मिळते काय, हे प्रत्येक वाचकाने स्वतः जाऊन विचारावे.

2023 साली महाराष्ट्र शासनाने 865 सीमावर्ती गावांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी तिला विरोध केला. रोग्याला कोणी मदत करावी यावरही हद्दीचा वाद! ह्या वृत्तीचा आम्ही निषेध करतो.

परंतु मुंबईलाही दोन शब्द ऐकविणे आमचे कर्तव्य आहे. ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. मूत्रपिंड निकामी झाले की रक्तशुद्धीचा खर्च मिळावा आणि ते निकामी होऊ नये म्हणून लागणाऱ्या रोजच्या गोळीला मात्र आधार नसावा, हा कसला हिशेब? आठवड्यातून दोन-तीनदा यंत्राला जोडून घेणाऱ्या रोग्याचा भार घर आणि सरकार दोघांनाही वाकवितो. वेळीच केलेली रक्ततपासणी त्यापुढे कवडीमोल होय.

महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला सीमादावा सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायाला विलंब लागेल. रक्तातील साखर थांबणार नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: सीमाभागातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठीत सल्ला व पत्रक द्या, मधुमेहाची औषधे अखंड पुरवा, आणि महाराष्ट्राची मदत दाराशी अडवू नका. सीमाबांधवांनीही तिशी ओलांडताच तपासणी करून घ्यावी. लढा दीर्घ आहे. लढणारी माणसे धडधाकट हवीत!