उलटी वीज आणि आपली जबाबदारी

पाटाचे पाणी आपोआप उलटे चढत नाही. विजेचे तसे नाही. गावातील रोहित्र, ज्यास आपण डीपी म्हणतो, ते दोन्ही बाजूंनी सारखेच काम करते. ११,००० व्होल्टची वीज उतरवून ते आपणांस सुमारे ४०० व्होल्टने देते. परंतु खालच्या बाजूने वीज आत शिरल्यास तिला तेच पुन्हा ११,००० व्होल्टपर्यंत चढविते.

हे सांगण्याचे कारण असे की, पुरवठा खंडित झाला म्हणजे पुष्कळ ठिकाणी जनित्राची वायर घरातील अथवा मोटारीच्या पेटीतील वायरिंगला थेट जोडली जाते. त्या वेळी मुख्य स्विच बंद करावयाचा राहिला, तर वीज मीटरमधून मागे तारेवर जाते, आणि पुरवठा बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या प्राणावर बेतते.

'आमचे जनित्र लहान, ते कोठवर वीज नेणार?' असे काही शेतकरी बंधू विचारतात. साऱ्या गावाचा भार पडल्यास लहान जनित्र बंद पडते, हे खरे. परंतु तार तुटलेली असेल किंवा दुरुस्तीसाठी जंपर सोडलेला असेल, तर भार थोडाच उरतो व तेच जनित्र ती तार जिवंत ठेवू शकते. शिवाय पुरवठा अचानक परत आला तर जनित्र जळून मालकाचेही नुकसान होते.

वीज वाहिनीला जोडलेल्या सौर संचांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ साली नियम केले. पुरवठा जाताच असा संच स्वतः वाहिनीपासून अलग होतो. 'ऊन असून वीज का नाही?' अशी तक्रार होते. पण तो दोष नव्हे, ते संरक्षण आहे. साध्या जनित्रास मात्र असे शहाणपण नसते. ते मालकानेच पुरवावे लागते.

म्हणून 'स्विच बंद करण्यास विसरू नका' एवढा उपदेश पुरेसा नाही, असे आमचे मत आहे. अंधारात, पावसात, घाईत मनुष्य विसरतोच. विसरले तरी अपघात होऊ नये, अशी योजना हवी. चेंजओव्हर स्विच ही ती योजना होय. त्यात एका वेळी वाहिनी तरी जोडलेली राहते, नाही तर जनित्र. दोन्ही कधीच नाहीत. तो न्यूट्रलही तोडणारा असावा व परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच बसवून घ्यावा. जनित्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च अल्प आहे. बैलजोडी घेणाऱ्याने कासऱ्याचा खर्च वाचवू नये.

ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा आणि आपल्या गावी कोणाकोणाकडे जनित्र आहे, त्यास असा स्विच आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. भर पावसात आपल्यासाठी खांबावर चढणारा वायरमनही कोणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. तो सुखरूप खाली उतरावा, ही जबाबदारी आपलीही आहे.